चार पिनांची माळ

मी एक माळ आहे, वीस दिव्यांची. वीस असं लोक म्हणतात, मला स्वतःला मोजता येत नाही. आयुष्य सांगायला बसले खरी, पण त्यातलं निम्मं मला अजून उमगलेलं नाही, हे आधीच कबूल करते.

माझी उमेदीची वर्षं एका कापडाच्या दुकानाच्या काचेत गेली. शटर वर गेलं की लागायचं, खाली आलं की विझायचं. सरळ नोकरी होती. मग दुकान विकलं गेलं आणि एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मला पिशवीत कोंबून घरी आणलं.

आल्या आल्या त्याने माझा चांगला दोन पिनांचा प्लग कापला आणि मोडीतल्या रेडिओचा चार पिनांचा ठोकळा मला जोडला. शिलाई मशीनच्या वर मला टांगलं. भिंतीत तसंच चार भोकांचं सॉकेट बसवलं, त्याची वायर बाहेर दारापाशी नेली. मग बायकोसमोर उभा राहून सावकाश म्हणाला, "साधं सॉकेट ठेवलं तर तू इथे इस्त्री लावशील. ती तापायची नाही, मग तू तापशील." बायको खळखळून हसली. लेकीच्या लग्नानंतर एका आजारपणात तिचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं समजून घ्यायची.

माझा गोंधळ सुरू झाला तो तिथून. दिवसभर नुसतं लटकायचं, मध्येच क्षणभर लागायचं की लगेच विझायचं. कधी सकाळीच तीनदा, कधी दिवसात एकदाही नाही. आणि मी लागले रे लागले की बाई मशीन थांबवून उठायची, दाराकडे जायची. मला वाटायचं, माझा उजेड तिच्या डोळ्यांवर येतो, म्हणून बिचारी उठून जाते. मी ओशाळायचे. पण करणार काय, लागणं-विझणं माझ्या हातात थोडंच होतं?

पुढे रेडिओवाला वारला. बाई एकटीच शिवत राहिली. मागच्या महिन्यात झाडताना तिने मशीन सरकवलं, त्याचा लोखंडी पाय माझ्या प्लगवर आला आणि प्लगचे तुकडे झाले.

त्यानंतर लेक आणि जावई भेटायला आले, तर तासभर दाराबाहेरच उभे. आत बाई निवांत उशीचे अभ्रे शिवत होती. शेवटी शेजाऱ्यांची शिडी लावून लेक खिडकीतून आत उतरली आणि आईला बघून रडायलाच लागली. "आत पडली असतीस तर, आई? माळ दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर उद्या माझ्याबरोबर चल. हे घर बंद करू."

"माझी गिऱ्हाइकं इथं आहेत," बाई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मी पण इथलीच आहे."

दुसऱ्या दिवशी लेक प्लगचे तुकडे रुमालात बांधून बाजारात गेली. जावयाला कुठला दम निघतोय? त्याने मला एक साधा प्लग जोडला, तो चार भोकांत जाईना म्हणून शेजारच्या बोर्डात खुपसला, आणि मी लागले. लागले ती लागलेच! मला वाटलं, चला, आपली खोट गेली, पुन्हा सरळ नोकरी. पण बाई मात्र दर पाच मिनिटांनी उठायची, दार उघडून बघायची आणि रिकाम्या हाती परत यायची. जावयाला अवाक्षरही बोलली नाही. माझं काय चुकतंय ते मला कळेना.

संध्याकाळी लेक दमून परतली. "एका म्हाताऱ्या दुकानदाराने ओळखला. जुन्या रेडिओच्या स्पीकरचा प्लग आहे. आता कुठेही मिळायचा नाही."

"प्लग राहू दे," जावई म्हणाला. "आईंना घेऊनच जाऊ. दाराशी कुणी नसताना दिवसभर दार उघडतायत. वय झालं त्यांचं."

आवाज खालचा होता, पण तोंड बाईकडे होतं.

"वय झालं ते खरं," बाई म्हणाली. "पण जावईबापू, माळ सारखी लागलेली असली तर दाराशी कुणी आलंय की नाही, हे मला कसं कळावं? म्हणून जाऊन बघत होते. तुम्ही एवढ्या हौसेने केलंत, सांगायला जीभ रेटेना."

जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"प्लग मिळत नाही तर भिंतीतलं सॉकेट बदला," बाई म्हणाली. "त्यांना सांगायची सोय नाही, पण मी तिथे इस्त्री लावणार नाही."

जावयाने मेन स्विच बंद केला आणि चार भोकांच्या जागी साधं सॉकेट बसवलं. लेक बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि दाराशेजारचं बटण दाबलं. मी लागले. बाई उठली, दार उघडलं.

"कोण पाहिजे?" तिने ऐटीत विचारलं.

"तूच," लेक म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. सकाळी ती आणि जावई गेले, दोघंच.

म्हणजे बाई मला कंटाळून उठत नव्हती तर! इतकी वर्षं मी उगाच ओशाळत राहिले. अजूनही कितीदा तरी दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये तासन्‌तास विझलेली असते, तेव्हा पुन्हा शंका येते की मीच बिघडले का.

म्हणून एक विनंती आहे. कधी या गल्लीतून गेलात तर दाराशेजारचं बटण दाबा, काही शिवायचं नसलं तरी चालेल. बाईचे गुडघे दुखतात, उठायला वेळ लागतो. तेवढं थांबा.