तुटलेल्या तारांचे डूल

मी पाण्याचा तांब्या भरायला वळले, तेवढ्यात सतारीची तिसरी तारही तुटली. उडालेलं टोक ह्यांच्या मनगटाला चाटून गेलं, रक्ताची बारीक रेघ उठली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "हल्ली तारांचा माल हलका येतो."

"हो ना," मी म्हटलं, आणि तुटकी तार बरणीत टाकली.

माल चांगला होता. ह्यांचे कान गेले होते. सूर लागलेला कळायचा नाही म्हणून हे खुंटी पिळत राहायचे. तार बिचारी बास बास म्हणून किंचाळायची आणि तुटायची. दोन वर्षं भाईंदर पूर्वेच्या आमच्या गाळ्यात हे चाललं होतं, आणि आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. "कानात मशीन घातलेल्या माणसाकडे सतार कोण देईल दुरुस्तीला?" हे एकदाच म्हणाले होते. पुन्हा विषय नाही.

मग मीच ह्यांच्या मागे उभी राहायला लागले. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई चहाचं विचारायला आलीये. तार लागली की मी ह्यांच्या पाठीवर बोट टेकवायची, हे थांबायचे. गाणं मी कधी शिकले नाही. सत्तावीस वर्षं नुसतं ऐकून कान तयार झाला. ह्यांचा उतरत गेला तसा माझा चढत गेला, म्हणा. मी बाजूला झाले, की मात्र बरणी भरायची.

त्या तारांचे मी डूल वळायची, आपले घरात घालायला. सिल्व्हर पार्कच्या ममताबेन मुलाची गिटार घेऊन आल्या आणि माझ्या कानांकडेच बघत बसल्या. महिनाभरात माझ्या डुलांचं चॅरिटी झालं. विकून येईल त्यातून ऐकू न येणाऱ्या मुलांना कानाची मशीन द्यायची. मला आधी हसू आलं. मग नाही आलं.

"शैलाबेन, कितना माल निकलता है आपके यहाँ!" ममताबेन बरणी हलवत म्हणायच्या. "दुसरे दुकानवाले तर बोलतात, मूठभर पण नाय निघत."

"आमच्याकडे गिऱ्हाईक जास्त," मी म्हणायची.

मग त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोठी विक्री ठरली. "अंकल स्टेजवर लाइव्ह तार लावणार. पब्लिकला प्रोसेस दिसायला पाहिजे."

"मी असते ह्यांच्याजवळ."

"अरे, तुम्ही स्टेजवर, तर स्टॉलवर कोण?"

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, नाही म्हणून सांगा. पाठ दुखते सांगा. हे शर्टाला इस्त्री करत होते. स्वतः.

"वाजवणाऱ्याला बोलावतात गं स्टेजवर," म्हणाले. "लावणाऱ्याला कोण बोलावतं?"

मी इस्त्री झालेला शर्ट हँगरला लावला.

विक्रीच्या दिवशी स्टेजवर ठेवलेला तंबोरा जयकुमार सरांचा होता. त्यांचा गाण्याचा क्लास, आमचं निम्मं काम त्यांच्याकडचं. ते पुढेच बसले होते. त्यांच्या शेजारी आधीच्या महिन्यात मशीन मिळालेली मुलं, कडक कपडे घालून. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका बाईच्या कानात डूल अडकवत होते.

तार चढायला लागली. चढली. लागली.

आता थांबा, मी मनात म्हटलं. हातही वर केला, पण हे खाली बघत होते. ह्यांची पाठ जराशी मागे सरकली, बोट शोधल्यासारखी. मागे कोणी नव्हतं. ह्यांनी खुंटी आणखी पिळली. आणखी. पुढे बसलेल्या त्या मुलांमधल्या एका लहान मुलीने दोन्ही कानांवर हात दाबले. आणि तार तुटली.

ममताबेननी झटकन माइक ओढला. "देखा? असेच बनतात आपले इयररिंग्ज!"

हॉलभर टाळ्या. हे उठले, हात जोडले. जयकुमार सरांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी त्या मुलीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि मग मान वळवून थेट माझ्याकडे.

सोमवारी ते रिक्षा घेऊनच आले. दुरुस्तीला टांगलेले दोन्ही तंबोरे त्यांनी उतरवले. "घरीच बघतो आता, काकू," मला म्हणाले, हळू आवाजात. आवाज हळू करायची काही गरज नव्हती.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून मी ममताबेनना फोन लावला. ह्यांच्यासाठी एक मशीन मिळेल का, विचारलं.

"अंकलना? ओह. पण शैलाबेन, आपलं फक्त मुलांसाठी आहे ना. रूल आहे. आणि तुम्ही तर आपल्या टीममधले. टीमवाल्यांनाच दिलं तर लोक काय बोलणार?" मग लगेच म्हणाल्या, "पण बरं झालं फोन केला. दिवाळीची ऑर्डर आलीये. तारा जास्त लागतील हं."

"आता नाही निघणार."

"का?"

"तार तुटायला आधी कुणाची तरी सतार लावायला यावी लागते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

हे माझ्या ओठांकडे बघत होते. "कोण होतं?"

मी तोंड समोर केलं, सावकाश म्हटलं, "ममताबेन. कार्यक्रम आवडला म्हणाल्या सगळ्यांना."

"टाळ्या दिसल्या मला," हे म्हणाले.

मग स्टुलावर चढले, आणि छताला लोंबणारे तंबोऱ्यांचे दोन रिकामे दोर सोडवून नीट गुंडाळायला लागले.