सोवळ्याबाहेरची थालीपिठं

अंगणात धप्पकन काही पडलं, आणि वसुंधरेनं वरण ढवळता ढवळता मान वळवली. नळापाशी बकुळ पडली होती. शेवाळावरून पाय सटकला असणार. पोर रडत नव्हती, नुसती गुडघा धरून बसली होती, आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. वसुंधरा पळी पातेल्यात सोडून धावली.

"बघू, कुठं लागलं?"

तिनं हात पुढं केला, तशी हिंदी मुलखात वाढलेली ती सात वर्षांची पोर बसल्या जागी मागे सरकली.

"मत छुओ. तुम्हाला पुन्हा नहाना पडेल."

"काय म्हणालीस?"

"मी गंदी आहे ना. मला शिवलं की तुम्हाला पुन्हा नहाना पडतं."

वसुंधरेचा हात तिथल्या तिथे थांबला. कुणी तोंडात मारावी तसं झालं तिला.

वसुंधरा शहरातल्या खंडेराव गेटजवळच्या भिक्षुकाच्या घरातली. तिथे स्वयंपाक म्हणजे सोवळं. सकाळी अंघोळ करायची, उंच काठीवर वाळलेलं धुतवस्त्र नेसायचं, आणि जेवणं उरकेपर्यंत कुणी कुणाला शिवायचं नाही. 'दूर हो, शिवशील,' असं तिची आई तिला दिवसातून पन्नासदा म्हणे, आणि संध्याकाळी लुगडं बदललं की तीच आई तिला मांडीवर घेऊन वेणी घाली. त्याचं कुणाला कधी काही वाटलं नाही. चार महिन्यांपूर्वी ती दिवाकर गार्डाची दुसरी बायको होऊन रेल्वेच्या या क्वार्टरात आली, तेव्हा पातेली-परातींबरोबर हे सोवळंही घेऊन आली. बकुळलाही ती रोज, अगदी गोड आवाजात, 'दूर हो, शिवशील' म्हणत राहिली. या पोरीनं सोवळं कधी स्वप्नातही पाहिलेलं नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरीची आई, शकुंतला, तिला मांडीवर घेऊन सिगडीपाशी बसायची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

आणि पोर घरात जेवत नव्हती. दोन घास खाल्ले न खाल्ले की उठायची. शेजारच्या जयसिंग फायरमनची बायको तिला बोलावून काहीबाही खायला घालायची, आणि सगळ्या लायनीत चर्चा होती, सावत्र ती सावत्रच. ती चर्चा सागरला, बकुळच्या आजोळी, पोचायला वेळ लागला नाही. शकुंतलेच्या धाकट्या भावाचं, विश्वंभरचं पत्र आलं, की अमुक दिवशी बीन्याहून येणाऱ्या पॅसेंजरनं येतो, बकुळला आमच्याकडे घेऊन जातो. दिवाकरनं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुझं काय म्हणणं?" तिनं पत्राची घडी करून फडताळात ठेवली. बोलणार तरी कोणत्या तोंडानं? पण रात्री बकुळ झोपेत कूस वळवायची तेव्हा पांघरूण सारखं करायला वसुंधरा उठायची. पोरीचा लळा लागला होता तिला, आणि तो सांगायला कुणी नव्हतं.

तो अमुक दिवस आजचा. दिवाकर मालगाडी घेऊन गेलेला, संध्याकाळी परतायचा. पॅसेंजर बाराच्या सुमाराला येणार होती.

वसुंधरेनं पोरीला उचललं. बकुळ लाकडासारखी ताठ झाली.

"तुम्हाला नहाना पडेल," ती पुन्हा म्हणाली.

"नाही पडणार. आजपासून नाही."

गुडघा धुऊन, हळद लावून तिनं पट्टी बांधली. मग आत जाऊन धुतवस्त्र सोडलं आणि रोजचं सुती पातळ नेसली. माहेरी कळलं असतं, तर वडील या घरात पाण्याच्या घोटालाही थांबले नसते. ती जाणून होती.

"बकुळ, इकडे ये. अशी आत ये."

पोर उंबऱ्याशी आली आणि तिथेच थांबली. वसुंधरेनं तिला दंडाला धरून आत ओढलं आणि सिगडीजवळच्या पाटावर बसवलं.

"आई तुला काय करू द्यायची?"

बकुळनं पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर एक रेघ ओढली.

"थालीपीठ."

वरण झालं होतं, भात झाला होता, राहिल्या होत्या पोळ्या. वसुंधरेनं कणकेचा डबा सरकवून भाजणीचा उघडला. कांदा तिनं चिरला, तिखट-मीठ बकुळनं टाकलं, आणि पीठ दोघींनी एकाच परातीत मळलं. पोरीच्या कोपरापर्यंत पीठ गेलं. ओल्या फडक्यावर पहिलं थालीपीठ थापून वसुंधरा ते तव्यावर टाकणार, तोच बकुळनं तिचं मनगट धरलं.

"रुको. भोकं?"

"अगं बाई, राहिलीच."

"उसके बिना तेल आत कसं जाणार?" म्हणत तिनं पाण्यात बोट बुडवून पाच भोकं पाडली. दुसऱ्या थालीपिठाला वसुंधरेनं मधोमध एकच पाडलं, तेव्हा पोरीनं कपाळाला हात लावला, आणि पीठ कपाळाला लागलं. तिसरं तव्यावरून उतरलं तेव्हा बकुळनं त्याचा तुकडा मोडला, फुंकर मारली आणि तिथेच बसून खाल्ला. मग आणखी एक मोडला. वसुंधरा तिच्याकडे बघत नव्हती. बघितलं तर ती खायची थांबेल, अशी भीती वाटत होती.

विश्वंभर आला तो घामाघूम. हातपाय धुऊन पाटावर बसला, तरी टोपी काढायची त्याला आठवण राहिली नाही. बकुळनं त्याचं ताट आणलं. फ्रॉकवर पीठ, गुडघ्याला पट्टी, कपाळ पांढरं. विश्वंभर तिच्याकडे, मग ताटाकडे, मग वसुंधरेच्या सुती पातळाकडे बघत राहिला.

"मी थापलंय, मामा," बकुळ म्हणाली.

त्यानं घास घेतला. एक थालीपीठ संपवलं, दुसरं घेतलं. मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाला,

"बकुळ, सागरला येणार ना माझ्याबरोबर? आजी वाट बघतेय."

वसुंधरेनं त्याचा तांब्या पुन्हा भरला. काही बोलायचं नाही, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

"आज?" बकुळ विचारात पडली. "आज नको. संध्याकाळी बाबांची गाडी येणार. त्यांना पण खायला घालायचंय. हिला एकटीला नाही जमत, मामा. ही भोकं विसरते."

"खरंच?" विश्वंभरनं वसुंधरेला विचारलं.

"विसरते खरी," वसुंधरा म्हणाली.

बकुळ तेल आणायला आत पळाली. विश्वंभरनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आवाज खाली आणला.

"एक सांगू? आईनं पाठवलं म्हणून आलो. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं, बायको अंथरुणाला खिळलेली. नेली असती तर नीट सांभाळली असती, ताईची पोर आहे. पण बीना स्टेशन सोडल्यापासून माझा जीव टांगणीला लागला होता. गाडीत सारखं मनात एकच, पोर नाही म्हणू दे."

सकाळपासून वसुंधराही तेच मागत होती. तिला हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि पदरानं तोंड पुसत ती त्याच्या पाटासमोर खाली बसली.

"आता जीव भांड्यात पडला," विश्वंभर म्हणाला, आणि रिकामं ताट पुढं सरकवलं. "ताई, आणखी एक वाढ."

त्याच्या तोंडून 'ताई' गेलं ते त्याच्या लक्षातही आलं नसावं. वसुंधरा उठायला लागली, तोच आतून बकुळचा आवाज आला.

"पीठ संपत आलंय. जे आहे ते बाबांना. मामा, पुढच्या वेळी येशील ना, तेव्हा मी जास्त भिजवीन."