उंच ग्लासात हात जात नाही

एकतीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेल्या बाईला काचेवर डाग दिसला की गप्प बसवत नाही. चष्मेवाल्या काकूंचंही तसंच होतं. कुणाच्या नाकावर मळकी काच दिसली, की त्यांचा हात आपोआप पर्समधल्या पिवळ्या रुमालाकडे जायचा.

आणि आज तर त्यांच्यासमोर अठरा ग्लास होते!

लेकीने, टिल्लीने, ते आपल्या गॅरेजमधल्या टेबलावर ओळीने मांडले होते. जाड कानाचे मग, पोटाशी फुगीर आणि ओठाशी जरा मिटलेले ट्युलिप, आणि शेवटी उंचच उंच, सडपातळ, वर्गात मागच्या बाकावर बसवावेत असे. धुऊन तसेच ठेवलेले, पाण्याचे ओघळ अंगावर. मागे टाक्यांकडे जाताना लेक म्हणाली होती, "आई, तू फक्त बस हं. कशाला हात लावू नकोस."

असं सांगून कुणाची आई आजवर बसली आहे?

दोन वर्षांत काकू इथे पहिल्यांदाच आल्या होत्या. लेकीने दुकान सांभाळायचं सोडून बिअर बनवायचं ठरवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मग मी तुझ्या त्या गॅरेजची पायरी चढणार नाही!" (गॅरेजला पायरीच नव्हती, पण रागात कोण बघतं?) परवा जेवताना लेक म्हणाली, "चौकातले हॉटेलवाले येणार आहेत चव बघायला. त्यांच्याकडच्या बिअरच्या बारा नळांपैकी एक रिकामा झालाय. काळी बिअर आवडली तर तो नळ आपला. नाही आवडली तर टाक्या विकते आणि येते दुकानात."

दोन वर्षं काकू हेच वाक्य ऐकायला टपून बसल्या होत्या. आणि ऐकलं, तर ताट तसंच सारून त्या उठल्या.

म्हणून त्या आल्या. 'सॉरी' वगैरे त्यांना जमत नसे, पुसायला मात्र जमायचं. पर्समधून रुमाल निघाला, मागोमाग छोटी बाटली. चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून गिऱ्हाइकांना देतात ते औषध. प्रत्येक मगात आणि ट्युलिपमध्ये एकेक फवारा, मग मूठ आत घालून गर्रकन फिरवायची. उंच ग्लासांत मूठच जाईना, तेव्हा त्यांच्यावर बाहेरूनच रुमाल फिरवला. दहा मिनिटांत सगळं टेबल असं लखलखलं, की काकूंना स्वतःचाच हेवा वाटला.

हॉटेलवाले आले. मिशा झुडपासारख्या आणि चष्मा इतका बरबटलेला की काकूंची बोटं शिवशिवली. ती त्यांनी मांडीखाली दाबून धरली.

लेकीने मगात काळी बिअर ओतली. फेस वर आला, इकडे तिकडे पाहिलं आणि खाली बसला. पार सपाट!

"फेस कुठाय, पोरी?" हॉटेलवाले म्हणाले. "वाटेत उतरला का कुठे?"

ट्युलिपमधल्या लालसर बिअरचीही तीच गत. लेकीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उंच ग्लासात गव्हाची बिअर ओतली तेव्हा मात्र चार बोटं फेस उभा राहिला.

"गव्हाला फेस असतोच, त्यात काय मोठंसं," हॉटेलवाले उठले. "मला काळी हवी होती. मिशीला फेस लागला नाही तर ती बिअर कसली? नुसतं थंड सरबतच ते."

"माझंच काहीतरी चुकलं असेल," लेक पुटपुटली. "सोमवारपासून येते गं दुकानात, आई."

काकूंनी आपल्या मुठीकडे पाहिलं. मग उंच ग्लासाकडे. जिथे मूठ गेली नव्हती, तिथेच फेस होता!

गप्प बसलं असतं तर? कुणाला काही कळलं नसतं. सोमवारी लेक काउंटरवर, शेजारच्या स्टुलावर, जशी काकूंनी दोन वर्षं मनात बसवली होती तशी. बाटली पर्समध्ये, पर्सची चेन बंद.

"थांबा!" काकू इतक्या जोरात ओरडल्या की हॉटेलवाले दचकून परत बसले. "टिल्ले, काळी दुसऱ्या उंच ग्लासात ओत."

"आई, काळीला मग लागतो, तिला—"

"ओत म्हणते ना!"

टिल्लीने ओतली. फेस वर आला, दाट, सायीसारखा, आणि हललाच नाही.

"बिअर चांगली आहे," काकू म्हणाल्या. "मी बिघडवली. हे औषध आतून फासलं, उंच सोडून सगळ्या ग्लासांना. त्यानेच फेस बसला." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली.

टिल्लीने बाटली पाहिली, आईला पाहिलं. "म्हणजे तू... पुसलेस? माझ्यासाठी?"

"मग काय शेजारणीसाठी? आता रडू नकोस, हे काढायचं कसं ते सांग!"

"मिठाने घासायचे. भरपूर पाणी. आणि पुसायचं नाही, आई! पुसायचंच नाही!"

काकूंनी बाह्या सरसावल्या. हॉटेलवाल्यांना घड्याळाकडे बघायची संधीच दिली नाही. मीठ, पाणी, पुन्हा मीठ, पुन्हा पाणी. पाणी थेंबाथेंबाने न चिकटता सरळ पडद्यासारखं ओघळलं, तेव्हा टिल्लीने मान डोलावली आणि ओल्या मगातच काळी ओतली.

हॉटेलवाल्यांनी घोट घेतला. मग आणखी एक. मग अख्खा मगच रिकामा केला. झुडपाच्या टोकाला पांढरा फेस लोंबत होता.

"सोमवारी दोन पिंपं पाठव," ते म्हणाले. "आणि ग्लास तूच धुऊन दे, यांना देऊ नकोस!"

टिल्ली हसली आणि रडलीही, एकदमच. काकूंनी तिच्या डोक्यावर टपली मारली, ओल्या खारट हातानेच. "दुकानात नवी पोरगी ठेवते मी. तुझ्यापेक्षा शहाणी मिळेल."

मग पिवळा रुमाल उचलून त्यांनी हॉटेलवाल्यांच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढला.

"अहो, अहो—"

"गप्प बसा," काकू बाटली हलवत म्हणाल्या. "यात काही ओतायचं नाहीये."