शेवटच्या माणसाचा पट्टा

टक्. दुपारी घर निजलेलं असताना वाऱ्याने दार हलतं आणि माझं बक्कल लाकडावर आपटतं. एवढाच काय तो माझा आवाज.

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. खांद्यावरून तिरका घालायचा, केशरी, मधोमध चंदेरी रेघ असलेला. गाडीचा उजेड पडला की ही रेघ अशी पेटते की लांबूनच गाडीवाल्याचा पाय ब्रेकवर जातो. शिवणाऱ्या बाईंनी मला दुहेरी टाके घातले होते. उसवला तर कुणाच्या जिवावर बेतेल, म्हणायच्या.

वस्तीतली माणसं पहाटे कालव्याकाठी धावायला जायची. त्यांच्या धावण्याच्या क्लबात माझ्यासारखा मी एकटाच. मला घालेल त्याने सगळ्यांच्या मागे राहायचं, असा नियम होता. मी वस्तीच्या फाटकाच्या खिळ्यावर परत लागलो की क्लब चालवणारी ताई टाळी वाजवायची, "पट्टा आला, सगळे आले! पळा घरी!" माणसं कुणी मोजतच नसे. माझ्यावर एवढा विश्वास! मला फार अभिमान वाटायचा हो.

त्या पहाटे दाट धुकं होतं. मी औषधांच्या दुकानातल्या दादाच्या अंगावर होतो. पुढे घड्याळं दुरुस्त करणारे काका, नेहमीसारखे रमतगमत. ते बुटाची नाडी बांधायला वाकले.

"तू हो पुढे. दुकान उघडायचंय ना तुला?"

"पट्टा माझ्याकडे आहे काका. मागेच राहावं लागतं."

"अरे, मी काय कुकुलं बाळ आहे? आलोच!"

दादा हळूहळू पुढे निघाला. मागे काकांची पावलं वाजत होती. मग ती थांबली. मला कळलं. दादाला नाही कळलं. मला ओरडायचं होतं, पण पट्ट्याला कुठला गळा?

दादाने मला खिळ्यावर लटकवलं आणि तो दुकानाकडे पळाला. पाण्याच्या बाटल्या आवरणाऱ्या ताईने मान वर केली, मला पाहिलं आणि टाळी वाजवली. बघता बघता फाटकापाशी कुणी उरलं नाही. धुकं माझ्यापर्यंत आलं. कालव्याच्या बाजूने कुणीतरी हाक मारत होतं, पुन्हा पुन्हा, दर वेळी जरा बारीक आवाजात.

पुढचं मी नंतर ताईच्या तोंडून ऐकलं. काकांच्या सुनेचा फोन आला, "ताई, बाबा अजून आले नाहीत हो!" तशी ताई अनवाणीच धावली.

काका कालव्याच्या उतारावर सापडले, वळणापलीकडे, जिथून फाटक दिसतही नाही. घोटा सुजलेला, पाय गार पाण्यात, हातात मूठभर गवत घट्ट धरलेलं. ते सोडलं असतं तर खालीच गेले असते. ओठ निळे पडले होते, तरी ताईवर रागावले.

"नुसतं जवळ उभं राहून काय बघत होतात? एवढ्या हाका मारल्या! पट्टा चमकत होता समोर धुक्यात. थांबलाय कुणीतरी, म्हणून तर धीर धरला मी."

ताईने वळून पाहिलं, तर तिथे नुसतं धुकं होतं.

आता फाटकावर एकेकाचं नाव घेतात आणि ओ आल्याशिवाय कुणी हलत नाही. मी ताईच्या घरी, दारामागे असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जरूर जपा. धुवा, उसवल्या तर शिवा. पण आम्ही परत आलो म्हणजे माणूस परत आला, असं कधी धरून चालू नका.

परवा ताई माझी सुटलेली रेघ शिवत बसली होती. तिची धाकटी मांडीला टेकून माझ्यावरून बोट फिरवत होती. काकांची गोष्ट तिने मोठ्यांच्या बोलण्यात ऐकली असावी.

"आई, पट्टा तर खिळ्यावर होता ना?"

"हो गं."

"मग काकांजवळ कोण उभं होतं?"

ताईची सुई माझ्यात अर्धी शिरून तशीच थांबली.