सहा रिकामे गोल

मी एक पुठ्ठा बोलतोय. मलमपट्टीच्या खोक्याचा साधा पुठ्ठा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात मला ठेवलंय, म्हणून बिचकू नका. माझी वाट खरं तर रद्दीकडेच होती.

मला वाचवलं आक्कांनी. त्या मोठ्या दवाखान्यात आया होत्या. रोग्यांना गोळ्या द्यायच्या. गोळी हातात दिली की तक्त्यावर निळ्या पेन्सिलीने एक गोल काढायच्या. ती गिळलेली डोळ्यांनी पाहिली की मगच गोलात बरोबरची खूण. "दिली म्हणजे पोटात गेली असं नसतं," त्या म्हणायच्या. भारी शिस्तीची बाई.

त्या दवाखान्याला दोन दारं होती. आक्कांच्या लोकांना मागच्याच दाराने यावं लागे. तिथे तासभर ताटकळत त्यांच्या धाकट्या जावेने प्राण सोडला. त्यानंतर समोरच्या मैदानात सभा ठरली आणि बोलायचं आक्कांवर आलं. "कागद वाऱ्याने फडफडतो," म्हणत त्यांनी मला खोक्यापासून फाडलं आणि माझ्यावर अकरा ओळी लिहिल्या.

सभेतही दोरी बांधलीच होती. दोरीपुढे मानाची मंडळी, पलीकडे पार टोकापर्यंत आक्कांचे लोक. कर्णा एकच, त्याचं तोंड पुढच्यांकडे. आक्कांनी नववी ओळ वाचली, "आजार दार बघून येत नाही, मग माणसाला दार का दाखवता?" मागून हाका आल्या, "ऐकू येत नाही!" आक्कांनी माझ्यावर एक गोल काढला, तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि थांबल्या. वाक्य तोंडातोंडी मागे सरकत होतं. अर्ध्यावर विरलं की पुन्हा हाका, पुन्हा गोल. पण त्या पुढच्या ओळीवर गेल्या नाहीत.

नंतर दवाखान्याचं समोरचं दार सगळ्यांना उघडलं. भाषण गाजलं, पाठ्यपुस्तकात गेलं. आक्का गेल्या आणि मी या कपाटात आलो.

दरवर्षी वक्तृत्व शिकवणारे प्राध्यापक वर्गाला माझ्यासमोर उभं करतात, ध्वनिफीत लावतात. तिच्यात आक्कांचाच आवाज आहे. मागच्यांचा तिच्यापर्यंत पोचलाच नाही. "एकच वाक्य सात वेळा! मधली शांतता ऐका! आणि हे गोल म्हणजे आवाज चढवायच्या जागा. बाईंनी सगळं आधीच आखलं होतं," प्राध्यापक सांगतात. माणूस प्रेमाने शिकवतो, पण माझा जीव नुसता चडफडतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

यंदा एक मुलगी म्हणाली, "सर, माझे आजोबा मागे उभे होते. ते म्हणतात, मागे ऐकू येत नव्हतं म्हणून आक्का परत परत बोलल्या. निबंधात मी तसंच लिहिलंय."

"आठवण म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आण, नाहीतर तो परिच्छेद काढून टाक."

मुलीचा चेहरा पडला. परिच्छेद गेला की आजोबांची अख्खी रांगच त्या मैदानातून पुसली जाणार होती.

दुसऱ्या दिवशी ती आजोबांना घेऊन आली. सभेनंतर काही वर्षांनी ते त्याच दवाखान्यात वॉर्डबॉय झाले होते. काचेला नाक लावून त्यांनी मला पाहिलं.

"सर, हा आमच्या गोळ्यांचा तक्ता आहे हो! गोल म्हणजे दिली. खूण म्हणजे गिळली. मोजा ना. सहा गोल रिकामे आहेत. सातव्यात खूण आहे."

"सातव्यांदा काय झालं?" प्राध्यापकांनी हळूच विचारलं.

"शेवटच्या रांगेतून मी ओरडलो, 'पोचलं, आक्का!' ते पुढपर्यंत गेलं असेल असं वाटलं नव्हतं. मी दाराबाहेरचा पोरगा. माझ्यासाठी थांबल्या होत्या त्या, आज कळतंय."

प्राध्यापकांनी मुलीचा निबंध मागून घेतला. मग आजोबांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

आता माझ्या कडा झिजल्यात, निळी पेन्सिल फिकी पडत चाललीय. पुसली जाण्याआधी एवढंच मागतो. स्पर्धेत हे भाषण म्हणाल, तर नवव्या ओळीला हात उंचावू नका, टाळ्यांची वाट बघू नका. शेवटच्या रांगेकडे बघा. तिथून कुणी "पोचलं" म्हणेपर्यंत दहावी ओळ वाचू नका.