'जेवणे' या शब्दाची चिठ्ठी

कमल कांबळेच्या वाट्याला 'जेवणे' हा शब्द आला आणि तिची नोकरी धोक्यात आली. साल त्र्याऐंशी. घाटकोपरच्या एका शब्दकोशाच्या कचेरीत ती हंगामी होती. एकेका शब्दाची चिठ्ठी करायची: तो आला कुठून, त्याचा अर्थ काय. मूळ तिनं बिनचूक शोधलं होतं. संस्कृतातलं जेमन, प्राकृतातलं जेमण, आणि लोकांच्या तोंडी घोळता घोळता झालेलं आपलं जेवण. अर्थापुढे मात्र तिनं लिहिलं: 'पानावर बसून, कुणी मानानं वाढलेलं खाणे.'

संपादक बळवंतराव दीक्षितांनी त्यावर लाल रेघ ओढली. 'अन्न खाणे' एवढं पुरे, म्हणाले. माणूस मोठा विद्वान, पण एकदा रेघ ओढली की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकायचा नाही. कमलही काही कमी हट्टी नव्हती.

"सर, खाणं वेगळं, जेवणं वेगळं. माझी पणजी गावच्या लग्नात मांडवाबाहेर उभी राहायची. उरलेलं पदरात पडायचं. घरी येऊन म्हणायची, खाल्लं. जेवले असं कधी म्हणाली नाही. आई सांगते."

"मग तुमच्या आईंनाच विचारू. रविवारी दुपारी येतो. पण मला पटलं नाही, तर पहिल्या तारखेपासून येऊ नका."

आई, म्हणजे सोनूबाई. मुलुंडच्या कारखान्यांतली पोरं तिच्या खानावळीत वीस वर्षं जेवत होती. बाहेरच्या खोलीत सतरंजी, आत चूल. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं त्या चुलीवर लेकीला एम.ए. केलं. आपल्या आईपुढे कचेरीतले सगळे ग्रंथ कमलला थिटे वाटत.

रविवारी बळवंतराव आले. मागून म्हातारा शिपाई सीताराम, चिठ्ठ्यांची पेटी काखेत धरून. पेटी आत ठेवून तो सवयीनं बाहेर जिन्यावर जाऊन बसला. सोनूबाईंनी तीन पानं मांडली, भाकऱ्यांची चवड आणून ठेवली, वांग्याचं कालवण आणलं आणि डाव हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

"वाढा ना बाई," बळवंतराव म्हणाले.

"वाढीन की. पर एक मानूस भायेर हाय."

"सीताराम होय? तो खाईल नंतर."

"नंतर त्यो खाईल, सायेब. जेवायचं तर आत्ताच."

नोकरी गेली, कमलनं मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी तिला आईचा असा काही अभिमान वाटला की गेली तर गेली, असंही वाटलं. बळवंतरावांच्या मनात पाप नव्हतं, होती ती जन्माची सवय. त्यांनी तिसऱ्या, रिकाम्या पानाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, जिन्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "सीताराम, चला. पान मांडलंय."

सीताराम अंग चोरून बसला. सोनूबाईंनी भराभर वाढलं. भाकरी, कालवण, ठेचा, वर तेलाची धार.

"करा सुरुवात."

बळवंतरावांनी हात पुढे केला नाही. "तुमचं पान कुठाय?"

"माझं काय, मी खाईन की मागनं."

बोलल्या आणि डाव हातातच राहिला. वीस वर्षं दुसऱ्यांना पानावर बसवणाऱ्या बाईला स्वतःचं पान कधी सुचलंच नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, हे कमलला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"कमलबाई," बळवंतराव हळू आवाजात म्हणाले, "तुमचा अर्थ तसाच राहू दे. माझी रेघ चुकली. पहिल्या तारखेला कायमच्या म्हणून या. पण आधी चौथं पान मांडा."

कमलनं आईच्या हातातला डाव काढून घेतला. सोनूबाई भिंतीला टेकून संकोचानं बसल्या. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. कमलनं भाकरी वाढली, वर कालवण घातलं. "थोडंच गं," त्या पुटपुटल्या. कमलनं ऐकलं नाही. कुणी घास उचलला नव्हता.

मग सीताराम त्यांच्याकडे बघून म्हणाला, "होऊ द्या सावकाश, बाई."

हे शब्द सोनूबाईंनी हजारदा म्हटले होते. त्यांना कुणी म्हटले नव्हते. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि भाकरी मोडली.