सर्वांत जुना कागद

तिने दोन्ही मनगटांत धरून फाइल कपाटाच्या वरच्या फळीवरून ओढली. बोटांनी धरवतच नव्हती. फाइल खाली आपटली आणि माहेरच्या खोलीभर कागदांचा सडा पडला.

"राहू दे गं," आई दारातून म्हणाली. "रद्दी आहे ती. नव्या डॉक्टरांना काय करायचीय?"

"सांध्यांचे तज्ज्ञ आहेत, आई. चार महिन्यांनी नंबर लागलाय. असतील नसतील तेवढे सगळे कागद आणा म्हणालेत."

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. मुंगीएवढे स्क्रू फिरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गेल्या दोन वर्षांत मात्र बोटं अशी सुजत गेली, की सकाळी नळसुद्धा कोपराने उघडावा लागे. मालकाने तिला काउंटरवर बसवलं होतं. "बढती मिळाली म्हण," असं ती घरी हसत सांगायची.

जमिनीवर बसून ती कागद गोळा करू लागली. भावाच्या पायाचं फ्रॅक्चर, बाबांची साखर. साखरेच्या गठ्ठ्यात एक कागद चार घड्या घालून खोचलेला होता. तिने तो उघडला. वर तिचं माहेरचं नाव, वय चोवीस. रक्ततपासणीच्या एका आकड्याभोवती लाल गोल आणि खाली डॉक्टरांचं घाईतलं अक्षर: संधिवाताची शक्यता. तज्ज्ञांना लवकर दाखवा.

तारीख तिने दोनदा वाचली. तेव्हा लग्नाला तीन आठवडे उरले होते. मनगटं दुखतात म्हणून आईनेच तिला तपासायला नेलं होतं, रिपोर्ट आणायलाही आईच गेली होती. आल्यावर म्हणाली होती, काही नाही, अशक्तपणा आहे. आणि ताकदीच्या गोळ्यांची बाटली हातात ठेवली होती.

"तुला माहीत होतं?"

आई कोरडेच हात पुसत राहिली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं समजावून."

"मग?"

"लग्न मोडलं असतं गं. मुलगा चांगला होता. म्हटलं, एकदा पार पडू दे, मग सांगू. मग तुझं दुखणं थांबलं. हसतीखेळती होतीस, कशाला विषय काढायचा?"

"आणि दोन वर्षांपूर्वी, बोटं सुजली तेव्हा?"

"तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

राग येईल असं तिला वाटलं, पण तो आला नाही. आपल्याच वाकड्या करंगळीकडे ती परक्यासारखी बघत राहिली.

आईने हात पुढे केला. "तेवढा कागद राहू दे इथे. जावईबापूंना कळलं तर..."

तिने कागद पर्समध्ये टाकला आणि चपला शोधू लागली.

संध्याकाळी नवरा दवाखान्याने पाठवलेला फॉर्म घेऊन टेबलाशी बसला. तिला पेन धरवत नसल्याने लिहायचं काम त्याचं. नाव, वय, काम त्याने न विचारताच भरलं.

"त्रास पहिल्यांदा कधी जाणवला? दोन वर्षं लिहितो."

"नऊ लिही."

तो हसला. "नऊ तर आपल्या लग्नाला झाली."

"त्याच्याही तीन आठवडे आधी."

तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. वाचून झाल्यावरही तो बराच वेळ त्यावर तळहात फिरवून घड्या सपाट करत राहिला.

"मला कधी सांगणार होतीस?"

"मलाच दुपारी कळलं. आईच्या फाइलमध्ये होता."

त्याने वर पाहिलं. रकान्यात नऊ लिहून तो पुढच्या प्रश्नाकडे वळला.

"तातडीच्या प्रसंगी कुणाला कळवायचं?" त्याने वाचलं. तिच्या आईचा नंबर त्याला पाठ होता. सगळ्या फॉर्मांवर तोच असायचा. पहिले दोन आकडे त्याने लिहिलेही.

"थांब," ती म्हणाली. "तुझा लिही."